भिंतीच्या पोटात काय आहे?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, दुपारची वेळ, बाहेर झड लागलेली. जेवणे आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. इतक्यात स्वयंपाकघरातून पोते आदळल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहतो तर चार फुटांची फळी ब्रॅकेटांसकट खाली. लोणच्याची बरणी फुटलेली, डाळीचे डबे लवंडलेले. फळीच्या टोकाला 'पोरांचा हात पोचणार नाही' म्हणून ठेवलेली भातावर फवारायच्या औषधाची बाटलीही फुटली होती आणि औषधाचा ओघळ पिठाच्या डब्यापर्यंत गेला होता. त्याच फळीखाली आमची सून रोज दुपारी नातवाला चटईवर निजवते. त्या दिवशी पोराच्या अंगात कणकण होती, म्हणून ती त्याला घेऊन माजघरात पडली होती.

पीठ, डाळ सगळे टाकून द्यावे लागले. त्याचे दुःख नाही. पण त्या रात्री घरात कोणाला धड झोप आली नाही.

फळी वेडीवाकडी बसवली होती म्हणावे, तर तसेही नव्हते. मुलाने बेळगावहून नवे ड्रिल मशीन आणले होते. आठ मिलिमीटरची भोके, त्यांत प्लॅस्टिकचे प्लग, अडीच इंची स्क्रू, वर पाणसळ धरून फळी समपातळीत. अकरा महिने ती हलली नाही. पडली तेव्हा स्क्रू शाबूत होते, प्लग शाबूत होते, आणि प्रत्येक प्लगाभोवती मूठमूठभर माती चिकटून आली होती. दुसऱ्या दिवशी गवंडीमामा आले. त्यांनी भोकात बोट घातले, माती चुरगळून पाहिली आणि म्हणाले, "दादा, भिंत सिमेंटची नव्हे. नुसता अंगरखा सिमेंटचा आहे."

खरेच होते. ती भिंत आमच्या आजोबांनी कच्च्या विटांची घातली होती. पुढे थोरल्या काकांनी 'घर पक्के दिसावे' म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. काका गेले, त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली. आम्ही वरचा गिलावा पाहून भिंतीला पक्की समजत आलो.

वाचकहो, ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची नाही. खानापूर-बेळगावकडची जुनी घरे एका वेळी एका हाताने बांधलेली नसतात. पणजोबांचे माजघर मातीचे, आजोबांची पडवी चिऱ्याची, वडिलांनी काढलेली खोली विटांची, आणि न्हाणीघर अलीकडच्या सिमेंट ब्लॉकचे. 2019 च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात मातीची पुष्कळ घरे कोसळली. त्यानंतर ज्यांनी पडलेली बाजू ब्लॉकने उभी केली आणि उरलेली तशीच ठेवली, त्यांच्याकडे एकाच खोलीत दोन जातींच्या भिंती आहेत. वरून सगळ्यांना एकच रंग दिला की कोणती कुठली हे घरच्यांनाही सांगता येत नाही. म्हणून फळी ठोकण्याआधी भिंतीची ओळख करून घ्यावी. त्याला एक सकाळ पुरते.

पहिले काम, दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीशी भिंतीची जाडी मोजावी. दोन्हीकडच्या गिलाव्यासकट पाच-सहा इंच भरली तर ती अर्ध्या विटेची, म्हणजे आपण चार इंची म्हणतो ती, किंवा पातळ ब्लॉकची भिंत असावी. त्याहूनही पातळ असली तर कुडाचा संशय घ्यावा. आत कामट्या, वर शेणमातीचा लेप आणि त्यावर चुना, अशी ती असते. नऊ-दहा इंचांपासून फुटापर्यंत असली तर वीट, चिरा किंवा ब्लॉक यांपैकी काहीही असू शकेल. दीड फूट किंवा त्याहून जाड भिंत बहुधा मातीची, नाही तर दगड-मातीची.

मग वाजवून पाहावी. बोटाच्या पेराने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू ठोकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे. पक्की वीट किंवा दगड असला तर आवाज कोरडा, आखूड आणि हाताला झणका देणारा येतो. पोकळ ब्लॉक घुमतो, पण सारखा नाही. मध्येच भरीव, मध्येच पोकळ. मातीची भिंत बद्द बोलते. मात्र गिलावा सुटला असेल तर चांगली वीटसुद्धा फुटक्या मडक्यासारखी वाजते. तेव्हा केवळ आवाजावर निकाल देऊ नये.

तिसरा उपाय फार थोड्यांना सुचतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला. कौलारू घर असेल तर माळ्यावर चढावे. भिंतीचा वरचा भाग, वाशांच्या जवळचा, कोणी गिलावा करून सजवत नाही. तिथे भिंत उघडी असते. हाताने चाचपून वीट, चिरा की माती ते तिथेच कळते. आम्ही फळी पडल्यावर माळ्यावर गेलो आणि बॅटरीच्या उजेडात आजोबांच्या कच्च्या विटा, त्यांतल्या भाताच्या पेंढ्याच्या काड्यांसकट, स्पष्ट दिसल्या. आधी गेलो असतो तर! घरात एखादी वृद्ध आजी किंवा आत्या असेल तर तिलाही जरूर विचारावे. कोणती भिंत कोणत्या साली, कोणाच्या लग्नाआधी घातली, हे त्यांना पक्के आठवत असते.

शेवटी एक बारीक भोक पाडून पाहावे. आधी मेन स्विच बंद करावा. जुन्या घरांत विजेच्या तारा लाकडी पट्टीवरून उघड्या दिसत. नव्या कामात त्या भिंतीत पुरलेल्या नळ्यांतून जातात आणि बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली उतरतात. बोर्डाच्या सरळ रेषेत, त्याचप्रमाणे न्हाणीच्या नळाच्या रेषेत, भोक पाडूच नये. मशीनला वीज लागतेच. ती दुसऱ्या, बंद न केलेल्या लाइनवरून घ्यावी, नाही तर सरळ हाताचे गिरमिट वापरावे. चाचणीला तेवढे पुरते.

भोकातून पडणारी भुकटी कागदावर धरावी. पहिल्या अर्ध्या-पाऊण इंचातली भुकटी गिलाव्याची असते, ती बाजूला सारावी. आमचा मुलगा तिथेच फसला. करडी सिमेंटची भुकटी आली, त्याचे समाधान झाले. गिलाव्यामागून एकसारखी लाल, बारीक पूड आली तर भाजलेली वीट. लालपिवळी, खरबरीत, मध्येच चिकट माती लागणारी आली तर जांभा, म्हणजे चिरा. दगड असेल तर ड्रिल किंचाळते आणि पुढे सरकत नाही. करडी पूड येता येता ड्रिल एकदम आत घुसले तर पोकळ ब्लॉक. पांढरीशुभ्र, खडूसारखी पूड आणि काही जोरच लागत नाही, असे झाले तर हल्लीच्या हलक्या फुगीर ब्लॉकची भिंत. आणि गुळाच्या ढेपेत जावे तसे ड्रिल गेले, पूड तपकिरी नि मऊ आली, तर ती माती. तिथेच थांबावे. एक भोक दरजेत पडू शकते, म्हणून हातभर अंतरावर दुसरे पाडून दोन्हींची भुकटी ताडून पाहावी.

ही पूड छातीत जाऊ देऊ नये. विटेच्या आणि दगडाच्या धुळीतले बारीक कण फुप्फुसात बसतात आणि तिथून निघत नाहीत. नाकातोंडाला नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि भोकाखाली ओले फडके एवढे करावे. ज्यांच्या घरी सिमेंटच्या जुन्या पत्र्याचा आडोसा आहे त्यांनी त्याला भोक पाडूच नये. त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून आत गेले तर फुप्फुसांचे भयंकर आजार, कर्करोगसुद्धा, पुष्कळ वर्षांनी डोके वर काढतात. तसल्या पत्र्याला फळी पेलवतही नाही.

भिंत कळली की वजनाचा हिशेब करावा. फळी भिंतीवरून नुसती खाली ओढत नाही, ती पुढेही ओढते, आणि स्क्रू उपटतो तो या पुढच्या ओढीने. समजा फळी 12 इंच रुंद आहे, तिच्यावर 40 किलो सामान सारखे पसरले आहे, आणि ब्रॅकेटची भिंतीकडची उभी पट्टी 10 इंच आहे. सामानाचा भार सरासरी भिंतीपासून 6 इंचांवर. चाळीस गुणिले सहा भागिले दहा, म्हणजे 24 किलोची ओढ वरच्या स्क्रूंवर. दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकी 12. आता तेच सामान फळीच्या पुढच्या काठावर ठेवले तर ओढ 48 किलो. आणि उभी पट्टी 10 ऐवजी 5 इंचांची घेतली तर पुन्हा दुप्पट. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे. म्हणून ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावावी. पुष्कळजण नेमके उलट करतात, लांब बाजू फळीखाली आणि आखूड भिंतीला. जड डबे मागे, हलके पुढे. आणि वजन अंदाजाने धरू नये. पाण्याची दहा लिटरची घागर दहा किलोची, शिवाय पितळेचे वजन वेगळे. बायकांना हे बरोबर ठाऊक असते. फळी पुरुष ठोकतात आणि सामान बायका ठेवतात, तेव्हा ठोकण्याआधी त्यांनाच विचारलेले बरे.

भाजलेल्या विटांची नऊ इंची भिंत सर्वांत सोयीची. भोक विटेच्या मध्यभागी घ्यावे, दरजेत नाही. गिलावा सोडून विटेत निदान दीड इंच स्क्रू गेला पाहिजे. भोकातली पूड फुंकून किंवा पंपाने काढून मगच प्लग बसवावा. पूड राहिली तर प्लग नुसता पुडीवर बसतो. जुन्या विटकामात दरजा मातीच्या असतात. तिथे वीट स्वतः पक्की, पण तिची जागा पक्की नाही, म्हणून भार बेताचा ठेवावा. चार इंची भिंतीवर ड्रिलचा ठोके देणारा खटका बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडावे, नाही तर पलीकडचा गिलावा ताटाएवढा सुटून पडतो.

चिऱ्याविषयी थोडे सविस्तर, कारण गोव्यात आणि आपल्या घाटालगतच्या गावांत तोच घरोघरी आहे. 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी केरळातल्या अंगाडिपुरमच्या या दगडाला 'लॅटराइट' म्हटले, ते लॅटिनमधल्या 'लाटेर' म्हणजे वीट या शब्दावरून. नाव योग्यच आहे. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की घट्ट होतो. पण त्याच्या अंगात नळ्यांसारखी छिद्रे असतात आणि त्यांत मऊ माती भरलेली असते. एक भोक पक्के लागते, शेजारचे मऊ. म्हणून चिऱ्यात लहान प्लगावर जड फळी टांगू नये. आपल्या जुन्या सुतारांची रीत इथे अजून उत्तम. छिन्नीने तीन-साडेतीन इंच खोल खाच करावी, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. तशाच आकाराचा वाळलेल्या सागाचा गुटका सिमेंटच्या कालव्यात पक्का बसवावा. सात-आठ दिवस पाणी मारून घट्ट होऊ द्यावा आणि मग त्यात स्क्रू मारावा. रुंद टोक आत असल्यामुळे तो ओढून निघत नाही. चिऱ्याच्या काठापासून चार इंच आत राहावे.

दगड-मातीच्या भिंतीत दगड हेरून त्यातच भोक पाडावे. दगडांमधली माती कशालाच धरत नाही. हलक्या पांढऱ्या ब्लॉकला त्याच्यासाठी मिळणारे लांब प्लग लागतात, साधे चालत नाहीत. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला रुंद लोखंडी पट्टी लावावी. पलीकडे खोलीत बोल्ट दिसतो, तो दिसू द्यावा. ते जमत नसेल तर भिंतीवर आधी चार-पाच फुटांची जाड लाकडी पट्टी सहा-सात ठिकाणी पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट लावावेत. एक पकड सुटली तरी बाकीच्या धरून राहतात.

राहिली मातीची आणि कुडाची भिंत. तिच्यावर फळी टांगू नये, असे माझे सरळ मत आहे. काहीजण म्हणतात, लांब खिळे मारा. मातीत खिळा कितीही लांब असला तरी पावसाळ्यात त्याच्याभोवतीची माती ढिली होते. त्यात वर सिमेंटचा गिलावा असला तर अधिकच वाईट. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा गिलावा ती ओल आतच कोंडून ठेवतो. आमची फळी उन्हाळाभर टिकून जुलैत पडली, त्याचे कारण हेच. शिवाय मातीत लाकूड ठोकले की वाळवीला आपण होऊन वाट करून दिल्यासारखे होते.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. मातीच्या घरात त्यांनी भिंतीवर काही टांगलेच नाही. कोनाडे आणि फडताळे भिंत घालतानाच ठेवली, खुंट्या त्याच वेळी खोल पुरल्या, आणि दुधा-तुपाचे शिंके भिंतीला नव्हे तर वरच्या तुळईला बांधले. आज नवा कोनाडा मात्र जुन्या भिंतीत कोरायला जाऊ नये, छताचा भार तिच्यावर असतो. लाकडाची नाही तर लोखंडी कोनांची जमिनीवर उभी राहणारी मांडणी करावी. सगळे वजन जमिनीवर जाते. ती पुढे कलंडू नये एवढ्यासाठी तिचे वरचे टोक तारेने तुळईला किंवा खांबाला बांधून टाकावे. पायांखाली चपटे दगड द्यावेत, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. वेदीवरची तसबीर आणि मेणबत्तीची लहानशी फळी एवढीच भिंतीवर असेल तर एका पक्क्या खुंटीवर ती राहते, पण तिच्यावर फुलदाण्यांची गर्दी करू नये.

पक्क्या भिंतीवर बसवलेली नवी फळीसुद्धा लगेच भरू नये. ठेवायच्या सामानाच्या दीडपट वजनाची वाळूची पोती तिच्यावर ठेवून एक रात्र जाऊ द्यावी, खाली कोणी निजू नये. ब्रॅकेटच्या कडेने भिंतीवर शिसपेन्सिलीची रेघ ओढून ठेवावी. पावसाळा संपल्यावर पाहावे. ब्रॅकेट रेघेखाली उतरलेला दिसला, किंवा वरच्या बाजूने त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये पोस्टकार्ड सरकू लागले, तर त्याच दिवशी सामान उतरवावे.

आणि औषधाची बाटली. ती आमची चूक होती, भिंतीची नव्हे. शेतीचे औषध स्वयंपाकघरात, अन्नाच्या वर, कितीही उंच ठेवले तरी ते उंचावरून पडू शकते. आपल्या देशात कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्यालाही घरात जागा नाही. गोठ्याच्या किंवा अवजारांच्या खोलीत, जनावरांच्या वैरणीपासून दूर, कुलपाची पेटी असावी. औषध मूळ डब्यातच ठेवावे, सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये. पातळ औषधे खालच्या खणात, भुकट्या वर, म्हणजे गळती झाली तरी भुकटीवर पडत नाही. सांडलेच तर पोरे आणि गुरे लांब करावीत, दारे-खिडक्या उघडाव्यात, उघड्या हाताने न पुसता कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि विहीर-ओढ्यापासून दूर खोल पुरावे. अंगावर उडाले तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. पोटात गेले असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. डब्यावरची चिठ्ठी हातात घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आमच्या स्वयंपाकघरातली ती भिंत आता उघडी आहे. गवंडीमामांनी सिमेंटचा गिलावा खरवडून काढला, चार महिने तिला वाळू दिले आणि माती-चुन्याचा नवा हात दिला. तिच्या पुढ्यात सुताराने केलेली चार खणांची मांडणी उभी आहे, वरून तुळईला बांधलेली. लोणच्याची नवी बरणी सर्वांत खालच्या खणात आहे. सुनेला रोज वाकावे लागते, तशी तिची थोडी तक्रार आहे. नातवाची चटई मात्र तिने माजघरातच ठेवली आहे, परत आणली नाही.